जमिनीवरून उठताना

सोलापुरातलं घरगुती जगणं अजून बरंचसं जमिनीवर चालतं. शहराच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास बसतात. सुपात तेंदूची पानं, तंबाखू, दोरा, कात्री. भाकरी थापणं, ज्वारी निवडणं, पूजेला बसणं, नमाज पढणं, पंगतीला बसणं हे सगळं खालीच होतं, आणि कितीतरी घरांत शौचालयही उकिडवं बसायचंच असतं. म्हणून वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या स्नायूंतली ताकद ओसरू लागली की ते चालण्याच्याही आधी उठण्यात कळतं. हात गुडघ्यावर येतो. पुढे भिंतीवर. त्याही पुढे शेजारच्याच्या खांद्यावर. काही महिन्यांनी घरात प्लास्टिकची खुर्ची येते, आणि माणूस पंगत सोडून खुर्चीवर जेवायला बसतो. घरच्यांच्या डोळ्यांदेखत हे घडतं, पण एकाही रिपोर्टात त्याची नोंद होत नाही. फाइलमध्ये हिमोग्लोबिन असतं, पोटॅशियम असतं, क्रिएटिनिन असतं, मशीनवर लावण्याआधीचं आणि नंतरचं वजन असतं. हा माणूस आधाराशिवाय उठतो का, यासाठी रकाना नाही.

‘डायलिसिस म्हटलं की अशक्तपणा आलाच’ असं रुग्ण म्हणतात, नातेवाईक म्हणतात, कधीकधी आम्ही डॉक्टरही म्हणतो. ही पुस्तिका त्या म्हणण्याला हरकत घेण्यासाठी आहे. डायलिसिस झाला त्या दिवशी गळून गेल्यासारखं वाटतं, पडून राहावंसं वाटतं. झोप झाली की दुसऱ्या दिवशी ते बरंचसं उतरतं. महिनोन्‌महिने मांड्या बारीक होत जाणं, जिना चढताना कठडा धरावा लागणं, पाण्याची कळशी उचलवेनाशी होणं, ही गोष्ट निराळी. तो एक स्वतंत्र आजार आहे. तो मोजता येतो, त्याची कारणं शोधता येतात आणि बऱ्याच जणांत तो थोपवताही येतो. ‘आलाच’ म्हणून सोडून दिलं की यातलं काहीच होत नाही.

हे दुर्लक्ष मुद्दाम कुणी केलेलं नाही. यंत्राच्या इतिहासातूनच ते आलं आहे. दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, कांपेन गावच्या रुग्णालयात विलेम कोल्फ या डॉक्टरांनी सॉसेजच्या वेष्टणाची सेलोफेनची नळी एका फिरत्या पिंपाभोवती गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड बनवलं. १९४३ पासून त्यांनी ज्यांच्यावर ते वापरलं त्यांतले जवळजवळ सगळे दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई वाचली. त्या काळी मूत्रपिंड काही दिवस बंद पडलं तर तेवढ्यापुरता हा आधार होता. १९६० मध्ये सिएटलला बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायम राहू शकेल अशी टेफ्लॉनची नळी वापरली, आणि क्लाइड शील्ड्‌स हा त्यांचा पहिला रुग्ण पुढे ११ वर्षं डायलिसिसवर जगला. १९६६ मध्ये ब्रेशिया आणि सिमिनो यांनी रोहिणी आणि नीला जोडून करायच्या फिस्टुलाची पद्धत मांडली. आज आपल्याकडचा रुग्ण सकाळी उठल्याबरोबर मनगटावर बोट ठेवून जिची थरथर तपासतो, ती हीच जोडणी. या सगळ्या माणसांपुढे प्रश्न एकच होता : समोरचा जगेल का? जगला तर त्याच्या मांडीत किती जोर उरेल, हा प्रश्न विचारायला त्यांच्यापाशी सवड नव्हती.

सोलापुरात ‘जगेल का’ हा प्रश्न बराच काळ पैशाला बांधलेला होता. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत सर्वांत आधी सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. लोक मात्र अजून ‘जीवनदायीतून करतोय’ असंच सांगतात. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. यामुळे एरवी दोन-चार महिन्यांत घर विकायची पाळी आली असती अशी माणसं आज वर्षानुवर्षं डायलिसिस घेऊन जगतात. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याहून ती शहरात येतात. तुळजापूरहून येतात, सीमेपलीकडच्या इंडी-आळंदकडूनही येतात. एकाच खोलीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू कानावर पडतं. ही फार मोठी कमाई आहे आणि तिचं मोल मला कमी करायचं नाही. पण माणूस दहा वर्षं जगणार असेल तर ती दहा वर्षं तो कसा उठेल-बसेल, हे पाहणं आता आपल्यावर आलं आहे.

स्नायू झिजतो कसा, हे थोडं खोलात सांगते, कारण उपाय त्यातूनच निघतात. शरीर जुनी प्रथिनं सतत मोडत असतं आणि नवी घडवत असतं. कोणतं प्रथिन मोडायचं यावर खूण करणारी एक यंत्रणा प्रत्येक पेशीत आहे. तिच्या शोधाला २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मूत्रपिंड निकामी झालं की रक्तात आम्ल साठतं, आणि हे आम्ल स्नायूंतल्या त्या मोडणाऱ्या यंत्रणेला चेव आणतं. त्यात शरीरात धुमसणारा दाह असतो : गळ्यातल्या कॅथेटरचा संसर्ग, हिरड्यांतला पू, पायाची न भरणारी जखम. मधुमेह असेल तर इन्सुलिनचा स्नायूंवरचा परिणाम आधीच बोथट झालेला असतो. रक्त कमी असल्यानं स्नायूंना प्राणवायू पुरत नाही. शिवाय डायलिसिस स्वतःही काहीतरी घेऊन जातो. चार तासांच्या एका वेळेत गाळणीच्या पलीकडच्या बाजूनं साधारण १२० लिटर द्राव वाहून जातो. त्याच्याबरोबर युरिया जातो, तसे अन्नातून आलेले अमिनो आम्लाचे कणही जातात, एका खेपेला ६ ते १२ ग्रॅम. यंत्राला कचरा आणि ऐवज यांतला फरक कळत नाही. राहिला प्रश्न पडून राहण्याचा. आठवड्यातून तीनदा चार-चार तास, म्हणजे वर्षाला सहाशेहून अधिक तास माणूस खाटेवर असतो. एसटीचा प्रवास आणि घरी आल्यावरची विश्रांती यात धरलेलीच नाही.

आता या झिजेतला सर्वांत फसवा भाग. ती दिसत नाही. वाळवी लागलेल्या चौकटीवरचा रंग जसाच्या तसा राहावा, तसं वजनाचं होतं. समजा, एका रुग्णाचं ‘ड्राय वेट’, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढून टाकल्यावर उरणारं वजन, ५४ किलो ठरवलेलं आहे. दोन महिने त्याला अन्न जात नाही आणि त्याचा दोन किलो स्नायू उतरतो. खरं ड्राय वेट आता ५२ झालं. मशीनवर मात्र टेक्निशियन ५४ चाच आकडा धरून पाणी काढतो, कारण फाइलमध्ये तोच लिहिलेला आहे. स्नायूची दोन किलोंची जागा दोन लिटर पाणी घेतं. काट्यावर ५४ दिसतात आणि सगळे समाधानी असतात. पण रात्री आडवं झालं की धाप लागते, घोटे सुजतात, रक्तदाब चढतो आणि त्यासाठी एक गोळी वाढते. वास्तविक या माणसाला गोळीपेक्षा ड्राय वेट पुन्हा ठरवण्याची आणि पोटभर योग्य अन्नाची गरज असते. जेवण कमी झालं की मी रुग्णांना सांगते, ‘पुढच्या वेळी मशीनवर चढण्याआधी आपणहून सांगा : गेला महिना मला जेवण जात नाहीये, माझं ड्राय वेट बघा.’ हे सांगायला डॉक्टर असावं लागत नाही.

क्रिएटिनिनचंही तसंच. बारावर असलेलं आठवर आलं की घरात आनंद होतो, मूत्रपिंड सुधारतंय असं वाटतं. क्रिएटिनिन स्नायूंत तयार होतं. लघवी वाढलेली नाही, डायलिसिसच्या वेळा वाढलेल्या नाहीत आणि तरी डायलिसिसपूर्वीचा आकडा हळूहळू खाली येतोय, तर तो तयार करणारा स्नायूच कमी होत असण्याची शक्यता मोठी. निरोगी माणसात ज्या आकड्याचं उतरणं शुभ, त्याचंच उतरणं इथे धोक्याचं ठरू शकतं. आकड्यांपेक्षा घरातल्या बाईची नजर पुष्कळदा आधी ओळखते : फिस्टुला नसलेल्या हातातली बांगडी कोपराकडे सरकायला लागलेली असते, ब्लाऊजची बाही दोनदा आत घेतलेली असते, बोटातली अंगठी कपाटात गेलेली असते. हे निरीक्षण डॉक्टरांच्या कानावर घालायला कुणीही संकोचू नये.

या पुस्तिकेचा सर्वांत मोठा भाग जेवणाचा आहे, आणि तो का, तेही सांगायला हवं. मूत्रपिंडाचा आजार आहे पण डायलिसिस सुरू झालेला नाही, अशा काळात डॉक्टर प्रथिनं कमी करायला सांगतात : वजनाच्या दर किलोला दिवसाला साधारण ०.६ ग्रॅम, मधुमेह असेल तर थोडी जास्त. ते त्या वेळी बरोबर असतं. डायलिसिस सुरू झाला की हिशेब उलटतो. आता दर किलोला १ ते १.२ ग्रॅम लागतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला रोज ५० ते ६० ग्रॅम. पण ‘डाळ बंद, अंडं बंद’ लिहिलेली जुनी चिठ्ठी स्वयंपाकघराच्या दारावर तशीच चिकटलेली राहते. ती काढायला कुणी सांगितलेलं नसतं. माझ्या मते आपल्याकडच्या स्नायूंच्या झिजेतलं सर्वांत टाळता येण्याजोगं कारण ही चिठ्ठी आहे.

ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम प्रथिनं असतात. भूक मेलेला रुग्ण दिवसभरात दीड-दोन भाकऱ्या, पातळ आमटीची वाटी, थोडा भात आणि दोन कप चहा एवढंच घेत असेल, तर तो २५-३० ग्रॅमच्या वर क्वचितच जातो. गरजेच्या जेमतेम निम्मं! अंडं खाणाऱ्यांचं काम त्यातल्या त्यात सोपं आहे : एका अंड्याच्या पांढऱ्या भागात साडेतीन ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रथिनं असतात आणि फॉस्फरस अगदी थोडा. सोलापुरात लिंगायत, जैन, मारवाडी अशी शाकाहारी घरं पुष्कळ. त्यांची वाट अवघड आहे, बंद नाही. घट्ट वरण, घरचं पनीर, दही, सोयाबीन यांचं प्रमाण आहारतज्ज्ञांशी बोलून बसवता येतं. डाळींतला फॉस्फरस ज्या रूपात असतो तो आपल्या आतड्यांत पूर्णपणे शोषला जात नाही. उलट बाटलीतल्या कोलात किंवा पाकिटबंद चीजमध्ये जो घातलेला असतो तो जवळजवळ सगळाच शोषला जातो. डाळीला घाबरून कोला पिणाऱ्या तरुण रुग्णांना हे समजावून सांगावं लागतं. शेंगाचटणीबद्दल मला नेहमी विचारतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडा, असं सोलापूरकराला सांगणं माझ्या जिवावर येतं. दाण्यांत पोटॅशियम आहे, फॉस्फरस आहे, चटणीत मीठही आहे. रक्त तपासून, चमचाभरावर ठरवून खायची गोष्ट आहे ती. मिठाला मात्र मी मुळीच सूट देत नाही. मीठ पोटात गेलं की तहान लागते, एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे गेलेला असताना तर ती आवरत नाही, आणि दोन खेपांच्या मध्ये चार किलो पाणी चढलं की ते काढताना पिंढऱ्यांत गोळे येतात, रक्तदाब कोसळतो, पुढचे दोन दिवस माणूस उठत नाही.

उपासाबद्दल बोललं तर काही जणांना रुचणार नाही, तरी बोलते. पंढरपूर आपल्या जिल्ह्यात आहे आणि इथल्या घराघरांत एकादशी पाळली जाते. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. त्याच्या जोडीला येणारे बटाटे आणि दाणे पोटॅशियम वाढवतात. महिन्यातल्या दोन एकादश्या, त्यात कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, पुढे श्रावण. डायलिसिसवरच्या माणसानं हे उपास केले तर ते स्नायूच्या खर्चानं होतात. नामस्मरणानं, दर्शनानं, तुळशीपुढच्या दिव्यानं व्रत पाळावं आणि ताट भरलेलं असावं, असं माझं स्पष्ट सांगणं आहे.

दुसरा जुना सल्ला ‘आराम करा’ हा. इटलीत झालेल्या ‘एक्साइट’ नावाच्या अभ्यासात डायलिसिसवरच्या रुग्णांना घरच्या घरी चालायला सांगितलं होतं : डायलिसिस नसलेल्या दिवशी दहा-दहा मिनिटं दोनदा, सुरुवातीला अगदी सावकाश. सहा महिन्यांनी सहा मिनिटांत चालून जाण्याचं त्यांचं अंतर सरासरी ३२८ मीटरवरून ३६७ मीटरवर गेलं, आणि खुर्चीवरून उठ-बस करण्याचा वेगही सुधारला. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी ना जिम लागली ना यंत्रं. जर्मनीत २१ केंद्रांतल्या हजारावर रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात, डायलिसिस चालू असतानाच खाटेवर वर्षभर व्यायाम करवून घेतला आणि त्यांचीही ताकद वाढली. आपल्याकडे हे सहज जमेल. मशीनवरच्या पहिल्या दोन तासांत, रक्तदाब स्थिर असताना, सुया लावलेला हात अजिबात न हलवता पाय उचलणं, गुडघा सरळ करणं, घोट्याला अर्धा किलो वाळूची पिशवी बांधून तेच करणं. शेवटच्या तासात नको, तेव्हा दाब उतरण्याची भीती असते. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, साखर उतरली असेल, पायाला जखम असेल किंवा आदली खेप चुकलेली असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही.

फिस्टुलाच्या हाताची भीती इतकी खोल बसलेली असते की काही जण तो हात वर्षानुवर्षं जपून ठेवतात, आणि तो काडीसारखा होतो. त्या हातानं जड ओझं उचलायचं नाही, त्यावर रक्तदाब मोजायचा नाही, घट्ट काही बांधायचं नाही, हे खरं. पण फिस्टुला नीट तयार झाल्यावर, डॉक्टरांनी होकार दिल्यावर, मऊ चेंडू दाबणं आणि हलकी कामं करणं त्या हाताला चांगलंच असतं.

बायकांचं वेगळं लिहायला हवं. ‘घरकाम होतंच की, आणखी व्यायाम कशाला?’ असं त्या म्हणतात. डायलिसिसहून येऊन त्या चुलीपुढे उभ्या राहतात, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खातात, आणि उरतं ते बहुधा भाकरी आणि पातळ आमटीतलं पाणी. अशा बाईला आधी जेवायला वाढणं हे तिच्या घरच्यांनी करायचं औषध आहे. तिला व्यायाम सांगण्याआधी तिच्या कामातलं थोडं कुणी उचललं का, हे मी विचारते.

आणखी काही कारणं पुस्तिकेत पुढे येतील, इथे नुसती नावं घेते : ड जीवनसत्त्वाची कमतरता, पॅराथायरॉइड ग्रंथीचं बिघडलेलं काम (या दोन्हींत मांड्या आणि खांदे विशेष ढिले पडतात), मधुमेहानं बधिर झालेले पाय, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी होणारी स्नायूदुखी, आणि मनाची उदासी. फार वर्षं डायलिसिस झालेल्यांत एक विशिष्ट प्रथिन मनगटात साठून नस दाबली जाते. रात्री अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटं बधिर होतात, विडीचा दोरा बांधताना चिमूट सुटते. ही तक्रार छोट्या शस्त्रक्रियेनं बरी होऊ शकते. आणि एक कटू गोष्ट : आठवड्याला तीन खेपांची गरज असलेला माणूस भाड्याअभावी किंवा अंतरामुळे दोनच घेत असेल, तर त्याची भूक आणि ताकद व्यायामानं पुरती परत येणार नाही. तिथे आधी डायलिसिस पुरेसा झाला पाहिजे.

एक अशक्तपणा मात्र या सगळ्यांपेक्षा वेगळा आहे आणि त्याबाबत थांबायला वेळ नसतो. काही तासांतच पाय लुळे पडल्यासारखे वाटणं, उभं राहता न येणं, छातीत धडधडणं. लग्न, दिवाळी किंवा गड्ड्याच्या यात्रेमुळे एक खेप चुकलेली असते, शहाळं किंवा बरीच फळं खाण्यात आलेली असतात. हे पोटॅशियम वाढल्याचं लक्षण असू शकतं आणि त्यात हृदय बंद पडू शकतं. तेव्हा मालिश, सलाईन, टॉनिक काही करत बसू नये. थेट डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात जावं आणि आधी ईसीजी काढायला सांगावा.

उरला मोजमापाचा प्रश्न. पकडीची ताकद मोजणारं उपकरण सगळीकडे नसतं. आशियाई तज्ज्ञगटानं २०१९ मध्ये त्यासाठी पुरुषांना २८ किलो आणि बायकांना १८ किलो ही मर्यादा सांगितली आहे. खुर्ची मात्र प्रत्येक डायलिसिस केंद्रात असते. हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवायची, रुग्णानं दोन्ही हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उभं राहून बसायचं, शेजारी कुणीतरी आधाराला उभं राहायचं आणि मोबाइलवर सेकंद मोजायचे. त्याच तज्ज्ञगटाच्या मते १२ किंवा त्याहून जास्त सेकंद लागले तर स्नायूंची तपासणी हवी. महिन्यातून एकदा, मशीनवर चढण्याआधी वजन होतंच, त्यानंतर लगेच हे करता येईल. दोन मिनिटांचं काम आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या डायलिसिस केंद्रांतल्या परिचारिकांना आणि टेक्निशियनना माझी विनंती आहे की वजनाच्या रकान्याशेजारी सेकंदांचा एक रकाना आखावा. गेल्या महिन्यापेक्षा सेकंद वाढले, तर पहिल्यांदा विचारावं की जेवण किती जातंय. मग ड्राय वेट पुन्हा पाहावं, बायकार्बोनेट, हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व आणि पॅराथायरॉइडची तपासणी डॉक्टरांकडून लिहून घ्यावी, आणि फिजिओथेरपिस्टला त्याच आठवड्यात बोलवावं.